वाचकांचे प्रश्न : बॅटरीच्या तारा उलट लागल्या, आता फ्यूज कसे बदलावेत?

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. आमची पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी यंदाच्या पावसात बरेच दिवस उभीच होती आणि चतुर्थीच्या तोंडावर पाहिले, तर बॅटरी पूर्ण उतरलेली. शेजारच्या मुलाने नवीन बॅटरी आणून बसवली. एका बाजूचा क्लॅम्प पोलवर बसत नव्हता, म्हणून त्याने तो पान्याने फाकवून, वरून ठोकून बसवला. दुसरा क्लॅम्प टेकवताच मोठी ठिणगी उडाली आणि बॉनेटखालून जळका वास आला. मग लक्षात आले की नव्या बॅटरीचे प्लस-मायनस जुनीच्या उलट बाजूंना आहेत आणि तारा मात्र जुन्याच जागी जोडल्या गेल्या. त्याने लगेच तारा काढून नीट जोडल्या. परंतु आता डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागत नाही, सेंट्रल लॉक चालत नाही आणि सेल्फही लागत नाही. एका परिचिताचे म्हणणे असे, की मेन फ्यूजच्या जागी जाड तार घालून गाडी गॅरेजपर्यंत न्यावी. ते बरोबर आहे का? फ्यूज घरी बदलता येतील का, आणि नेमके कोणते बदलावेत? — एक वाचक, डिचोली

उत्तर : प्रथम तारेविषयी, कारण तो सल्ला आपण आजच अमलात आणाल अशी भीती वाटते. मेन फ्यूजच्या जागी तार, खिळा किंवा चांदीचा कागद कदापि घालू नये. फ्यूज हा गाडीतील उपकरणांपेक्षाही तारांच्या संरक्षणासाठी असतो आणि त्याचा आकडा त्या तारेला किती प्रवाह सोसतो हे पाहून ठरवलेला असतो. फ्यूज उडण्याचे कारण अजून गाडीत शिल्लक असेल, तर जाड तार घातल्यावर वितळण्याची पाळी हार्नेसमधील, म्हणजे गाडीभर फिरवलेल्या जुडग्यातील, तारांवर येते, आणि तो हार्नेस गालिच्याखालून, डॅशबोर्डमागून, पेट्रोलच्या नळ्यांजवळून गेलेला असतो.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मेन फ्यूज उडाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त दिसते, आणि माझ्या मते ही त्यातल्या त्यात बरी बातमी आहे. अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्रात, तयार होणारा उलटसुलट (एसी) प्रवाह एकाच दिशेचा (डीसी) करण्यासाठी सहसा ६ डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, असतात. बॅटरी सरळ जोडलेली असताना हे डायोड बॅटरीतून अल्टरनेटरकडे प्रवाह जाऊ देत नाहीत. उलट जोडली, की तेच डायोड वाट मोकळी करून देतात आणि प्लस व मायनस यांच्यामध्ये जवळजवळ थेट जोडणी होते. अशा वेळी शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो. आपण पाहिलेली ठिणगी त्याची होती. मेन फ्यूज वेळेवर वितळला, तर डायोड वाचतात. तो थोडा उशिरा वितळला, तर डायोडही जातात. यांपैकी काय घडले हे बाहेरून पाहून कळत नाही, म्हणून नवा फ्यूज घालण्यापूर्वी तपासणी करावी लागते. नुसता फ्यूज आणून बसवणे हे पाच मिनिटांचे काम असले, तरी तपासणीवाचून ते करू नये.

बॅटरी टेकवली तेव्हा गाडीची चावी बंद होती का, हे आपण लिहिलेले नाही. बंद असेल, तर फक्त कायम चालू राहणाऱ्या वाटांवर उलटा प्रवाह गेला असेल : अल्टरनेटर, रेडिओ, मीटर, सेंट्रल लॉक आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटची (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाची) एखादी तार. चावी चालू असेल, तर यादी वाढते. अनेक कंट्रोल युनिटांमध्ये आणि रेडिओंमध्ये उलट्या जोडणीपासून संरक्षण म्हणून एक डायोड मुद्दाम असा बसवलेला असतो, की प्रवाह उलटा येताच तो शॉर्ट होऊन त्या वाटेवरचा फ्यूज उडवतो. म्हणून १० किंवा १५ अँपिअरचे दोन-तीन छोटे फ्यूजही गेलेले सापडले, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. साध्या बल्बना प्रवाहाची दिशा कोणतीही चालते, आणि ब्लोअरची मोटर फार तर उलटी फिरते.

आता प्रत्यक्ष काम. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, चावी काढून गाडीपासून दूर ठेवावी आणि हातातील अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ उतरवून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळपास विडी-सिगारेट किंवा उदबत्तीसुद्धा नको. प्रथम मायनसचा क्लॅम्प सोडवून कापडात गुंडाळून बाजूला ठेवावा, प्लसचा नंतर. हा क्रम उगाच सांगितलेला नाही. मायनस जोडलेला असताना प्लसचा नट सोडवू लागलात आणि पान्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला लागले, तर सगळी बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. बॅटरीपासून सेल्फच्या मोटरकडे जाणाऱ्या जाड केबलवर बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतोच, त्यामुळे मेन फ्यूज उडालेला असला तरी तेवढी केबल जिवंत असते, हेही ध्यानात ठेवावे. जोडताना क्रम उलटा : आधी प्लस, शेवटी मायनस. एअरबॅगच्या गाडीत मायनस काढल्यानंतर काही मिनिटे थांबूनच पुढे हात घालावा, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ विद्युतभार शिल्लक असतो.

नव्या बॅटरीला काही इजा झाली का, हे याच वेळी पाहून घ्यावे. मल्टिमीटर (विजेचा दाब व प्रवाह मोजणारे छोटे मीटर) डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक प्लसवर आणि काळे मायनसवर धरल्यास चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. कवच फुगलेले असेल, तडा असेल किंवा आम्ल पाझरलेले असेल, तर ती बॅटरी वापरू नये.

फ्यूज बॉक्स सहसा दोन असतात, एक बॉनेटखाली बॅटरीजवळ आणि दुसरा चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली. काही गाड्यांत मोठे फ्यूज थेट प्लसच्या क्लॅम्पवरच बसवलेले असतात. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूस किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. काढण्यापूर्वी मोबाईलवर दोन्ही बॉक्सांचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. छोट्या फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मायनस सुटा असताना मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून त्याची दोन टोके या ठिपक्यांवर टेकवली, की फ्यूज न काढताच तो शाबूत आहे की नाही ते समजते. शंका आली, तर फ्यूज चिमट्याने सरळ वर ओढून काढून पुन्हा तपासावा, कारण क्वचित तो काढल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही. उडालेल्या फ्यूजकडे थोडे निरखून पाहा. आतली पट्टी स्वच्छ तुटलेली असेल, तर ती हळूहळू तापून वितळली असण्याचा संभव असतो. प्लास्टिक आतून काळवंडलेले असेल आणि धातूचे कण उडालेले दिसत असतील, तर जोराचा शॉर्ट झाला होता असे समजावे. आपल्या बाबतीत दुसरा प्रकार दिसण्याची शक्यता अधिक.

मेन फ्यूज मात्र ओढून काढायचा नसतो. ६०, ८०, १०० किंवा त्याहून अधिक अँपिअरचे हे फ्यूज बऱ्याच गाड्यांत दोन नटांनी आवळलेले असतात, आणि कधीकधी तर संपूर्ण बॉक्स वर काढल्याशिवाय ते नट दिसतच नाहीत. पक्कड लावून जोर केल्यास फ्यूज निघत नाही, बॉक्स मात्र फुटतो, आणि बॉक्सची किंमत फ्यूजच्या कितीतरी पट असते. हा फ्यूज गाडीच्या चेसिस नंबरवरून कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून मागवणे उत्तम. लहान फ्यूज म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथील कोणत्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतात. परंतु सुट्या थैलीतील निनावी स्वस्त फ्यूज घेण्याचा मोह टाळावा, कारण लिहिलेल्या आकड्यापलीकडे प्रवाह गेला तरी त्यांतले काही वेळेवर उडत नाहीत. पात्याच्या साध्या फ्यूजमध्ये १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक आणि ३० हिरवा असा रंगसंकेत असतो. मोठ्या, चौकोनी कवचाच्या फ्यूजना रंग वेगळे असतात, म्हणून रंगावर न जाता आकडा वाचावा. आकारही जुळला पाहिजे. मिनी फ्यूजच्या खाचेत मोठा फ्यूज दाबून बसवल्यास खाच सैल होते आणि पुढे तिथेच जळते.

फ्यूज बसवण्यापूर्वी अल्टरनेटर पाहावा. बॅटरी सुटी आणि मेन फ्यूज काढलेला असताना मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा, काळे टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या नटावर आणि लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावे. डायोड ठीक असतील, तर साधारण ०.७ ते १.१ च्या दरम्यान आकडा येतो, आणि टोके बदलल्यावर वाट बंद असल्याचे दिसते. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आकडा आला, तर डायोड गेलेले आहेत. मग नवा मेन फ्यूज घालणे म्हणजे तो फुकट घालवणे होय. अल्टरनेटर काढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावा. पुष्कळदा फक्त डायोडची प्लेट बदलून काम भागते, पूर्ण अल्टरनेटर घ्यावा लागत नाही, तेव्हा तसे आवर्जून विचारावे.

यानंतरची एक चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते, आणि तिच्यासाठी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा एक बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन हात तार एवढेच लागते. सर्व नवे फ्यूज योग्य जागी बसवावेत, प्लस जोडावा, दारे बंद ठेवावीत, चावी बाहेरच असावी. आता मायनसचा क्लॅम्प पोलवर न बसवता, पोल आणि क्लॅम्प यांच्यामध्ये हा बल्ब जोडावा. गाडीत कुठे शॉर्ट शिल्लक असला, तरी बल्ब २ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नाही, त्यामुळे नवा फ्यूजही उडत नाही आणि तारही तापत नाही. जोडताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला, तर सारे ठीक आहे; युनिटांमधील विद्युतभार साठवणारे कपॅसिटर भरताना एवढे होतेच. तो पूर्ण प्रकाशाने पेटून तसाच राहिला, तर शॉर्ट आहे. मग छोटे फ्यूज एकेक करून काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर बल्ब मंदावतो, त्या वाटेवर दोष आहे. बॉनेटचा किंवा डिकीचा दिवा चालू राहिल्यामुळे बल्ब थोडा पेटतो, त्याने फसू नये.

बल्ब मंदावल्यानंतरच मायनसचा क्लॅम्प कायमचा बसवावा. येथे तो फाकवलेला क्लॅम्प आठवावा. प्लसचा पोल मायनसपेक्षा मुद्दामच जाड केलेला असतो, जेणेकरून चूक हाताला जाणवावी. आपल्याकडे ती जाणवली होती, पण हातोडीने तिच्यावर मात केली. आता फाकलेला मायनसचा क्लॅम्प बारीक पोलवर सैल बसेल. तो हाताने फिरवून पाहा. जरासाही फिरत असेल, तर बदला. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत सैल क्लॅम्पखाली हिरवी-पांढरी बुरशी फार लवकर धरते, आणि चालू गाडीत मायनस क्षणभर सुटला, तर अल्टरनेटरचा दाब एकदम उसळून उरलीसुरली युनिटे जाऊ शकतात. क्लॅम्प घासून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

बॅटरीचा नंबरही दुकानदाराकडे दाखवा. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर या दोन बॅटऱ्या आकाराने सारख्याच असतात. शेवटचे अक्षर प्लस कोणत्या बाजूला आहे हे सांगते. आपल्याला बहुधा चुकीच्या अक्षराची बॅटरी मिळाली. केबल ताणून ती कशीबशी पोहोचत असेल, तरी बॅटरी बदलूनच घ्यावी, कारण ताणलेली प्लसची केबल कंप पावून पत्र्यावर घासत राहते.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास दाब यायला हवा. तो १२ च्या घरातच राहिला, तर अल्टरनेटर किंवा त्याचा स्वतंत्र फ्यूज गेलेला आहे. अशी गाडी गावात आरामात फिरते आणि चोर्ला घाटात मध्येच बंद पडते. पॉवर स्टिअरिंग विजेवरचे असेल, तर वळणावर ते जड होते. म्हणून चार्जिंग तपासल्याखेरीज लांब जाऊ नये. एअरबॅगचा, एबीएसचा किंवा चावीच्या खुणेचा दिवा विझत नसेल, तर ते काम घरचे नव्हे, स्कॅनर असलेल्या गॅरेजचे आहे. आणि गाडी हायब्रिड किंवा विजेवर चालणारी असती, तर नारिंगी केबलांपासून चार हात दूर राहून सरळ सर्व्हिस सेंटरला फोन करा, एवढेच मी लिहिले असते.

प्रश्न : दिवाडीच्या फेरीबोटीच्या रांगेत माझी गाडी बंद पडली. मागच्या गाडीवाल्याने जंपर केबल लावून दिली, पण घाईत ती माझ्या बाजूला उलट लागली. केबल हातात धरवणार नाही इतकी तापली. आम्ही ती ओढून काढली. त्यांची गाडी चालू आहे, माझी मात्र पूर्ण मृत. दोन्ही गाड्या तपासाव्यात का? — एक वाचक, दिवाडी

उत्तर : होय, दोन्ही. केबल उलट लागली, की दोन बॅटऱ्या एकमेकींच्या मागे जोडल्या जातात आणि साधारण २४ व्होल्टच्या दाबाने प्रवाह केवळ त्या केबलच्या अल्पशा रोधातून वाहतो. केबल तापली ती त्यामुळे. अशा वेळी बॅटरी फुटण्याचा खरा धोका असतो. आपण केबल ओढलीत तेव्हा उडालेली ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी होती, आणि काही झाले नाही हे नशीब म्हणायचे. आपल्या गाडीसाठी वरील उत्तरातील क्रम जसाच्या तसा लागू आहे. मदत करणाऱ्या गृहस्थांना मात्र आवर्जून कळवा, की गाडी चालते म्हणून निश्चिंत राहू नये. चार्जिंगचा दाब मोजावा आणि दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते का ते पाहावे. ती केबलही टाकून द्यावी, आतले आवरण वितळले असल्यास बाहेरून दिसत नाही.

पुढच्या वेळी लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना याच्या नेमका उलटा क्रम. तारेच्या रंगावर विश्वास ठेवू नका, बॅटरीवर कोरलेली अधिक आणि उणे चिन्हे पुसून वाचा. जुन्या गाड्यांत दोन्ही केबली काळ्या असल्याची उदाहरणे कमी नाहीत.

प्रश्न : माझ्याकडूनही असाच प्रकार घडला होता. मेन फ्यूज आणि रेडिओचा फ्यूज बदलल्यावर गाडी सुरळीत चालू लागली, चार्जिंगही १४ व्होल्ट दाखवते. परंतु दोन रात्री उभी राहिली, की बॅटरी उतरते. बॅटरी नवीनच आहे. गॅरेजवाल्याने बॅटरीचे टर्मिनल चालू गाडीवर काढून अल्टरनेटर तपासला आणि ठीक असल्याचे सांगितले. — एक वाचक, वास्को

उत्तर : चालू इंजिनावर टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धत अगदी जुन्या गाड्यांच्या काळातली आहे, आणि आजच्या गाडीवर ती कोणालाही करू देऊ नये, त्या तपासणीतच कंट्रोल युनिट जाऊ शकते. शिवाय तिने आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळतच नाही. एखादा डायोड अर्धवट गेलेला असला, तरी उरलेल्यांच्या जोरावर चार्जिंग होत राहते, आणि गाडी उभी असताना त्याच डायोडमधून बॅटरी हळूहळू रिकामी होते. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला हात लावून पाहा. तो कोमट लागला, तर दोष जवळजवळ सापडलाच.

नक्की करण्यासाठी मायनस सोडवून पोल आणि क्लॅम्प यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर जोडावा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये, नाहीतर मीटरचा स्वतःचा फ्यूज उडेल. दारे बंद करून अर्धा तास थांबावे, कारण गाडीतील युनिटे झोपी जायला वेळ घेतात. त्यानंतर आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो बराच जास्त असेल, तर छोटे फ्यूज एकेक काढून पाहावेत. रेडिओच्या फ्यूजबरोबर आकडा खाली आला, तर दोष रेडिओत. कोणताही छोटा फ्यूज काढून फरक पडला नाही, तर मायनस पुन्हा पूर्ण सुटा करून अल्टरनेटरची जाड तार काढावी, तिचे टोक चिकटपट्टीने नीट गुंडाळावे आणि मग मीटर पुन्हा जोडावा. आता आकडा घसरला, तर अल्टरनेटरचे डायोड बदलून घ्यावेत. ते होईपर्यंत रात्री मायनस काढून ठेवला, तर बॅटरी वाचेल. विमा कंपनीकडे मात्र फार आशेने जाऊ नका. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत विजेच्या यंत्रणेतील बिघाड सहसा वगळलेला असतो.